मोजणीबाहेरचा मुलगा

मी या घराच्या दाराची आतली कडी बोलतेय. बोलणं माझं, लिहून घेणारा या घरातला मुलगा. त्याची शाळा लवकर सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. लोखंडाला भारी शब्द कुठून यायचे?

एका लहानशा कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, वाकवलं आणि इतर कड्यांबरोबर तारेत ओवून दुकानात टांगलं. या घरातल्या बाबांनी मला हलवून पाहिलं. "खडखडत नाही ना?" असं दुकानदाराला विचारलं आणि खिशात टाकून घरी आणलं. तेव्हा ते बस चालवायचे. पहिल्या फेरीला निघताना मला अगदी हळू सरकवायचे, पाळण्यातलं बाळ जागं होऊ नये म्हणून.

ते बाळ मोठं झालं आणि छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर लागलं. बापासारखा हळू हात काही त्याला नव्हता. तोंडात घास, एका पायात चप्पल, आणि खाडकन मला ओढून पसार. आई मागून ओरडायची, "अरे, पाणी तरी पी!"

सकाळी जो मला सरकवतो त्याला काम आहे, जो सरकवत नाही तो बेकार, असा तेव्हा माझा साधा हिशेब होता.

मग छापखाना बंद पडला. तरीही मुलगा रोज निघायचा, काम विचारायला. लाजाळू स्वभाव. माझ्यावर बोट ठेवून उभा राहायचा आणि काय बोलायचं ते मनात जुळवायचा. जिथे जाईल तिथे नकारच मिळायचा. एके दिवशी त्याने बोट ठेवलं, उभा राहिला आणि मला न सरकवताच आत वळला. त्यानंतर त्याचा हात मला लागला नाही.

बाबा तोवर निवृत्त झाले होते. दाराजवळ खुर्ची टाकून पेपर वाचायचे, तोही मोठ्याने.

"बेकारी कमी झाली म्हणे! लोकांना कामं मिळतायत. आमचंच रत्न तेवढं घरात."

"अहो, ऐकतोय तो."

"ऐकावं म्हणूनच वाचतोय."

मुलगा उलट बोलत नसे. फक्त बाबा पानावरून उठल्याशिवाय जेवायला येईनासा झाला. सगळ्या जगाला काम मिळालं आणि आपण एकटेच नालायक उरलो, हे त्याच्या मनात पक्कं बसत चाललं होतं. आणि ते बसवत होता पेपरातला एक आकडा.

एका दुपारी सरकारी पाहणीच्या बाई आल्या. खांद्याला पिशवी, हातात टॅब. काही घरं निवडून विचारतात, त्यात हे घर आलं होतं. बाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही काही काम करता?"

"मी? छे, मी घरीच असते."

"मग मांडीवर हे काय?"

"हे होय? मणी ओवते. दुकानदार मजुरी देतो थोडी."

"म्हणजे काम करता. गेल्या आठवड्यात एक तास केलं असलं तरी आम्ही काम धरतो."

"घ्या!" बाबा म्हणाले. "घरात नोकरदार निघाली आणि मला पत्ता नाही."

"तुम्हाला कशाचा असतो?" आई म्हणाली.

मीही चकित झाले. मण्यांसाठी आईने मला कधी सरकवलंच नव्हतं.

मग मुलाची पाळी आली. बाबा म्हणाले, "त्याचं विचारू नका. बेकार लिहा. ठळक अक्षरात."

"काका, त्यांनाच बोलू द्या. दादा, गेल्या महिन्यात काम शोधलंत?"

"नाही," मुलगा म्हणाला.

"मग यांना बेकार धरता येत नाही."

"मग काय, साहेब झाला का तो?"

बाई हसल्या नाहीत. "ज्याला काम नाही, जो शोधतोय आणि मिळालं तर लगेच करील, तो आमच्या मोजणीत बेकार. काम असलेले आणि शोधणारे, एवढ्यांतूनच पेपरातला बेकारीचा टक्का निघतो. ज्याने शोधणं सोडलं तो त्यात येतच नाही."

बाबांनी मांडीवरच्या पेपराकडे पाहिलं. "आणि पुष्कळांनी सोडलं तर?"

"तर कोणालाही नोकरी न लागता टक्का खाली येतो. दर वेळी तसंच होतं असं नाही, कधी खरंच कामं मिळतात. पण नुसत्या टक्क्यावरून ते ओळखू येत नाही. एकूण माणसांपैकी किती जण कामाला आहेत, तो आकडाही शेजारी ठेवून बघावा लागतो." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "शोधणं का थांबवलंत?"



"मिळणारच नाही असं वाटायला लागलं," मुलगा पुटपुटला. "बाकी सगळ्यांना मिळतंय."

"या उत्तरासाठी यात वेगळा रकाना आहे, दादा," बाई टॅबवर बोट टेकवत म्हणाल्या. "एकट्या माणसासाठी कोणी रकाना करत नाही."

बाई गेल्या. बाबांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच विचारलं, "चहात तुला साखर किती लागते रे?"

एवढ्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

चहा घेताना आई म्हणाली, "समोरचा तो, तुझ्या छापखान्यात शाईवर होता ना? तोही हल्ली पडूनच असतो म्हणे." मुलाने कप हातातच धरून मान वर केली.

वाचकहो, मी आता जुनी झाले, सरकताना कुरकुरते. एकच मागणं आहे. आकड्याला जे विचारलेलं असतं, तेवढंच तो सांगतो. तो हातात धरून घरातल्या माणसाला टोचू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने मला सरकवलं. दार उघडंच ठेवून तो समोरच्या दारापुढे उभा राहिला, मनात वाक्य जुळवत. मग त्याने दार वाजवलं.

"कोण?"

"मी. काम विचारायला चाललोय. एकट्याला बोलायला जमत नाही मला. येतोस?"

आत काहीच हालचाल ऐकू येईना. मुलगा मात्र तिथून हलला नाही. मग समोरची कडी सरकली.