उभ्या गाडीचे नट

काउंटरवर तीन यंत्रं ओळीनं मांडलेली होती आणि धाकटीला तिन्ही हवी होती. गेल्या नऊ महिन्यांत तिला काहीच हवंसं वाटलं नव्हतं. ताट समोर आलं की जेवायची, हाक आली की उठायची. त्यामुळे या हावेचं तिला आधी नवल वाटलं, मग जराशी लाज वाटली, आणि दुकानदारानं मधलं यंत्र हातात दिल्यावर दोन्ही विसरून तिनं चाप ओढला. यंत्र तिच्या मुठीत असं काही थरथरलं की तिला हसू फुटलं. चांगलं मोठ्यांदा फुटलं. खिळ्यांच्या पेटीशी उभं असलेलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

दुकानदाराची उमर लेथ मशीनवर गेली होती. सगळे त्याला टर्नरकाका म्हणत. त्यानं हसण्याकडे दुर्लक्ष केलं आणि काम काय आहे ते सविस्तर विचारलं.

काम असं होतं. धाकटीच्या वडिलांची एक जुनी व्हॅन होती. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असायची. वडिलांनी त्या गाडीला तीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. ते गेले आणि गाडी तिथेच राहिली. येता-जाता आईला ती दिसायची, आणि दिसली की आई त्या दिवशी धड जेवायची नाही. शेवटी दादानं, म्हणजे धाकटीच्या थोरल्या भावानं, निकाल लावला: रविवारी बारा वाजता भंगारवाला ट्रक घेऊन येईल. धाकटी भांडली. तेव्हा दादा म्हणाला की ठीक आहे, गाडी स्वतःच्या चाकांवर शेडमधून आवाराच्या फाटकापर्यंत आली तर भंगारवाल्याला परत पाठवू, नाही आली तर तू एक शब्द बोलायचा नाहीस.

बॅटरी चार्ज करून धाकटीनं इंजिन सुरूही केलं होतं. पण मागची दोन्ही चाकं जाम होती. ब्रेक गंजून आत चिकटून बसले होते. चाक काढल्याशिवाय ब्रेकपर्यंत पोचता येत नव्हतं आणि चाकाचे नट सुटत नव्हते. ती पान्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली, तेव्हा पाना निसटला आणि नडगीला टेंगूळ आलं. शेडमध्ये विजेचा प्लग नव्हता, म्हणून बॅटरीवर चालणारं काहीतरी घ्यायला ती इथे आली होती. आज शनिवार होता.

काकांनी पहिल्यांदा तिच्या डोक्यातला गोंधळ निस्तरला. ती ड्रिल मागायला आली होती. ड्रिल नुसतं फिरतं, ते म्हणाले, नट अडला तर तुमचं मनगट पिरगाळेल. हे इम्पॅक्ट यंत्र फिरता फिरता ठोसे मारतं, त्यामुळे मार नटाला बसतो, हाताला नाही. मग खोक्यावरचे आकडे. मोठ्या अक्षरांतला आकडा नट सोडवायच्या ताकदीचा असतो, आवळायच्या ताकदीचा लहान असतो आणि तो कोपऱ्यात दडवलेला असतो, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं. धाकटी छापखान्यात मुद्रितं तपासायची. कोपऱ्यातलं बारीक वाचणं हा तिचा धंदाच होता. तिनं तिन्ही खोक्यांवरचे कोपरे वाचून काढले, आणि एकावर ‘बॅटरी’ची वेलांटी चुकली आहे हेही सांगितलं.

बॅटरीचं मात्र नीट ऐका, काका म्हणाले. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही. आज जी घ्याल, तिच्याच घराण्यात पुढचं सगळं घ्यावं लागेल.

“म्हणजे लग्नच की,” ती म्हणाली.

“लग्नात निदान भांडता येतं, ताई.”

लहान यंत्र हलकं, हाताला गोड. मोठं इतकं जड की दोन मिनिटांत खांदा भरून आला. काकांनी काउंटरच्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, एक बोल्ट धरून ठेवला होता. त्यावरचा नट ते स्वतः आवळायचे आणि गिऱ्हाइकाला यंत्रानं सोडवायला लावायचे. लहान यंत्र नुसतं कुरकुरलं. मधल्यानं तीन ठोशांत नट सोडला. धाकटीनं तो पुन्हा आवळायला लावला आणि पुन्हा सोडवला, मग आणखी एकदा.

तुमच्या गाडीचे नट आवळलेत कुणी, काकांनी विचारलं. वडिलांनी, ती म्हणाली, आणि जोर कधीच जास्त लावायचे नाहीत. हातानं बसवायचे, मग पान्यावर तळहाताचा एक दाब, बस. जास्त आवळणारा माणूस घाबरट असतो, असं ते म्हणायचे.

“मग मधलं पुरे,” काका म्हणाले. “गंज धरून हिशोब केला तरी पुरे.”

वर त्यांनी नटावर चढवायच्या काळ्या जाड गोट्या, म्हणजे सॉकेट, दिल्या, कारण चकचकीत पातळ गोट्या ठोशांनी तडकतात. गाडी जॅकवर अधांतरी सोडू नका म्हणून दोन स्टँड दिले, डोळ्यांना चष्मा दिला, आणि शेवटी एक लांब टॉर्क पाना. सोडवायला यंत्र, आवळायला हा. पुरेसं आवळलं की टक्‌ असा आवाज होतो, तिथे थांबायचं. ब्रेकचे नवीन शू तिनं आधीच आणून ठेवले होते. घरी जाताना पिशवी मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली, आणि दोनदा चेन उघडून यंत्र जागेवर आहे ना ते पाहिलं.

रविवारी सकाळी आठला ती शेडमध्ये होती. आई थर्मास घेऊन आली आणि उलट्या बादलीवर बसली. धाकटीनं चाकांना विटा लावल्या, चष्मा चढवला, यंत्र पहिल्या नटावर टेकवलं, उलट दिशेचं बटण दाबलेलं आहे ना ते पाहिलं आणि चाप ओढला. पत्र्याची शेड दणाणली. पाच ठोसे, दहा, वीस. नट हलला नाही.

तिनं दुसरा नट घेतला. नाही. दुसऱ्या चाकाकडे गेली. तिथेही नाही. तिनं बॅटरी बदलली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाऊण तास गेला. तळहात बधिर झाला, आणि कालपासून छातीत जे काही उड्या मारत होतं ते हळूहळू खाली बसायला लागलं. तळहाताचा एक दाब, ती मनाशी म्हणत होती. एवढाच तर त्यांचा जोर.

“थांब गं,” आई म्हणाली. “मोडशील ते.”

“बाबांनी इतके आवळलेच कसे?”

आईनं थर्मासचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, “ह्यांनी नाही आवळले. मी आवळले.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात वडिलांनी आईला जवळ बोलावून सांगितलं होतं: चाकांचे नट घट्ट ठेवत जा, मुलांना सांगू नकोस, ती हसतील. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आई भाजी आणायला म्हणून निघायची आणि शेडमध्ये जायची. पान्याला जोर पुरेना म्हणून तिनं त्याच्यावर नळाचा पाइप चढवला होता. चारी चाकं, एकेका नटाला एकेक दाब. किती आवळायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हलायचा थांबेपर्यंत आवळायची.

धाकटी यंत्र हातात धरून फरशीवरच बसली.

“आई, मलाही सांगितलं होतं त्यांनी. हेच. तुला सांगू नकोस म्हणाले, तू काळजी करशील म्हणून.”

“मग तू?”

“दर दुसऱ्या शनिवारी. पान्यावर उभी राहून. म्हणूनच मघाशी बाबांचं नाव पुढे केलं.”

तेवढ्यात शेडच्या दारात दादा आला. भंगारवाला वेळेवर येतोय हे सांगायला आला होता. आईनं त्याला फक्त एवढंच विचारलं की बाबांनी तुला नटांबद्दल काही सांगितलं होतं का. दादाचे कान लाल झाले. लहानपणी फुलदाणी फोडली तेव्हा झाले होते तसे.

“रविवारी येऊन जायचो,” तो म्हणाला. “जरासा जोर लावून.”

दादाचं वजन शंभरच्या घरात होतं. त्याचा जरासा जोर म्हणजे काय, हे घरातल्या दोन खुर्च्यांना ठाऊक होतं. आधी आई हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, आवाज न करता. मग धाकटीला आवरेना. दादा थोडा वेळ मान ताठ ठेवून उभा राहिला आणि मग चाकाला टेकून असा हसला की व्हॅनचा पत्रा हलला. नऊ महिने, तीन माणसं, सोळा नट, आणि गाडी तसूभरही हललेली नाही.

वडिलांनी तिघांना वेगवेगळं का सांगितलं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. साडेनऊ वाजले होते.

“मोठं यंत्र लागेल,” धाकटी म्हणाली. “काकांकडे आहे. बॅटरी हीच चालते.”

ती हे दादाकडे बघून का म्हणाली, ते तिलाच कळलं नाही. गाडी नको होती ती दादालाच. पण दादानं खिशातून स्कूटरची किल्ली काढली होती. आई, नटांवर गंजाचं तेल मार, चांगलं मुरू दे, असं तो मागे वळून सांगत होता, आणि धाकटी नीट बसायच्या आत त्यानं स्कूटर काढलीसुद्धा. वाटेत एका वळणावर तो म्हणाला की नट सुटले म्हणजे गाडी चालेलच असं नाही. पुढच्या वळणावर म्हणाला की तरी सुटायला काय हरकत आहे.

टर्नरकाकांनी सगळी कथा ऐकली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“उभ्या गाडीचे नट सैल होतात का हो कधी?”

दादा छताकडे बघत होता. काकांनी मोठं यंत्र काउंटरवर ठेवलं आणि मधलं परत घेतो म्हणाले, पण धाकटीनं तेही सोडलं नाही. सलग मारू नका, थांबून थांबून मारा, त्यांनी बजावलं, आणि एखादा बोल्ट तुटलाच तर रडू नका, एका चाकाचे तीन नट गाडी फाटकापर्यंत नेतात.

परत आले तेव्हा साडेदहा होत आले होते. आईनं नटांना तेलानं न्हाऊ घातलं होतं. धाकटीनं यंत्र उचललं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, ते आईच्या हातात दिलं. आईनं नको नको म्हणत चष्मा लावला. धाकटीनं मागून यंत्राचा भार पेलला. आईनं चाप ओढला, सोडला, ओढला. चौथ्या वेळी काहीतरी तडकल्यासारखा आवाज झाला आणि नट गरगर फिरत बाहेर आला.

“सुटला,” आई म्हणाली. “अगं, सुटला.”

मग ती यंत्र कुणाला देईना. पुढचे दोन तिनंच काढले. धाकटीनं तीन काढले. दादाच्या वाट्याला दोन आले. त्यातला एक सुटला आणि दुसऱ्याचा बोल्टच तुटून नटासकट पायाशी पडला. आईनं तो उचलून पाहिला आणि हा तुझाच रे, असा निवाडा दिला.

स्टँडवर गाडी टेकवून चाकं काढली. ब्रेकचं झाकण लाकडी हातोड्यानं ठोकून ठोकून निघालं. आतून गंजाचा भुगा पडला. पुढचं काम धाकटीच्या डोळ्यांना पाठ होतं. लहानपणी टॉर्च धरून तिनं ते वडिलांच्या खांद्यावरून इतक्यांदा पाहिलं होतं की कुठली स्प्रिंग आधी आणि कुठली नंतर हे तिला विचार न करता कळत होतं. हात मात्र नवखे होते. एक स्प्रिंग तिच्या बोटांतून दोनदा उडाली. दादानं ती दोन्हीदा शोधून आणली, दुसऱ्यांदा आईच्या चहाच्या कपातून.

बाराला पाच कमी असताना भंगारवाला आला. एक चाक बसलं होतं, दुसरं जमिनीवर होतं. दादा ट्रकपाशी गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण भंगारवाला खाली उतरला, आईनं रिकामी केलेल्या बादलीवर येऊन बसला आणि मोठ्या यंत्राकडे टक लावून बघू लागला. गाडी राहू द्या, ते विकता का, असं त्यानं विचारलं. तिघांनी एकदम नाही म्हटलं.

शेवटच्या चाकाचे नट धाकटीनं टॉर्क पान्यानं आवळले. पहिला, टक्‌. दुसरा, टक्‌. तिसऱ्याला आई वाकून म्हणाली की अजून जरासं. दादानंही पान्याकडे हात नेला.

“नाही,” धाकटी म्हणाली. “इथे थांबायचं.”

दादानं हात मागे घेतला. आईनंही मान हलवली, पण तिची बोटं साडीच्या काठाशी काहीतरी आवळत राहिली.

विटा काढल्या. धाकटी चालकाच्या जागेवर बसली, आई शेजारी. इंजिन पहिल्या प्रयत्नात बंद पडलं, दुसऱ्यात पकडलं. तिनं क्लच सोडला. गाडी जागच्या जागी ताठरली, आतून एक लांब कुरकुर झाली, आणि शेडचं दार हळूच मागे सरकायला लागलं. दादा बाजूनं चालत होता, एका हातानं दरवाजा धरून, जणू गाडी त्याच्यामुळेच चालली आहे. फाटक समोर आलं. धाकटीनं ब्रेक दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग मागची दोन्ही चाकं एकदम धरली गेली, आईचं कपाळ काचेला लागता लागता राहिलं आणि गाडी फाटकाच्या आत हातभर अंतरावर उभी राहिली.

भंगारवाला उठला, कपडे झटकले आणि ट्रककडे निघाला. आपला रविवार फुकट गेल्याचं त्यानं दोन-चार शब्दांत सांगितलं.

धाकटी उतरली तेव्हा दादा पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. पुढच्या दोन्ही चाकांचे आठही नट अजून तसेच होते.

“हे चाक मी घेतो,” तो म्हणाला. “दुसरी बॅटरी भरलेली आहे ना?”