मक्याच्या पिठाचा बर्फ

अंटार्क्टिकावर दोन महिने राहून माहितीपटाची मंडळी परत आली, तेव्हा त्यांच्याकडे शास्त्रज्ञांचं एकेचाळीस तासांचं चित्रण होतं आणि ध्वनिमुद्रकाच्या पोटाचं एकेचाळीस तासांचं मुद्रण.

झालं असं की ध्वनिमुद्रक मोठा काळजीवाहू माणूस. थंडीत माइक बंद पडेल म्हणून त्या शहाण्याने तो कोटाच्या आत, स्वेटरच्याही आत, थेट पोटाशी धरून ठेवला. जाड कानटोपीवर हेडफोन बसेना म्हणून तो काढून खिशात टाकला. माइक शेवटपर्यंत ठणठणीत राहिला आणि जे ऐकू आलं ते इमानेइतबारे टिपत गेला. गुडगुड, उचक्या, आणि दर दहा मिनिटांनी "आई गं, मेलो!" याखेरीज खोलीत बसून घेतलेल्या मुलाखती तेवढ्या धड होत्या. बाहेर बर्फात जे जे घडलं, त्यावर फक्त पोट वाजत होतं.

दिग्दर्शकाने कपाळावर हात मारून घेतला आणि तडक काकांचं तळघर गाठलं.

काका म्हणजे पडद्यावरच्या माणसांच्या पावलांना, दारांना, कपबश्यांना आणि थपडांना आवाज देणारे. एकतीस वर्षं हेच काम. भिंतींना गाद्या ठोकलेली खोली, जमिनीत चौकोनी हौद, एकात वाळू, एकात खडी, एकात वाळलेला पाला. कपाटात त्रेचाळीस जोड बूट, आणि त्यातला एकही काकांच्या मापाचा नाही. पडद्यावर हाड मोडायचं असलं की काका गाजर मोडायचे, थप्पड मारायची असली की ओला टॉवेल आपटायचे. प्रेक्षक थिएटरात डोळे पुसत असायचे आणि काका घरी उरलेली गाजरं खात असायचे.

"काका, सहा आठवडे आहेत," दिग्दर्शक म्हणाला. "मला बर्फ हवाय."

"किती?"

"खंडभर."

एरवी असलं काम काकांनी नाचत घेतलं असतं. पण इथे एक मेख होती. त्या तळावर लाल कोट घालून हिंडणाऱ्या अठरा जणांत एक काकांची लेक होती, आणि तिचं न् काकांचं आठ महिने बोलणं बंद होतं.

भांडण झालं ते ती निघाली त्या सकाळी, दारातच. भिंगरी ही त्यांची एकुलती एक. घरात तिला भिंगरीच म्हणत, कारण पाय म्हणून घरात ठरायचा नाही. ती दीड वर्षासाठी जाणार हे काकांना सहन होत नव्हतं. सहन होत नाही असं सरळ म्हणायचं सोडून हा गृहस्थ म्हणाला, "बर्फच मोजायचा तर फ्रीज उघड की! त्यासाठी पृथ्वीच्या बुडाशी कशाला जायला हवं?" पोरगीही बापाचीच. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर खोटे आवाज काढलेत. मला एकदा काहीतरी खरं करू द्या." आणि बॅग ओढत निघून गेली.

आता हा माहितीपट आधी त्या तळावर जाणार होता आणि ते अठरा जण तो एकत्र बसून बघणार होते. बाकीच्या जगाला पिठाचा बर्फ खपला असता. त्या अठरांना कसा खपणार? ते रोज तोच तुडवत होते. आणि त्यांच्यात ती बसलेली असणार, कान टवकारून. एक पाऊल खोटं वाजलं, की ती मनात म्हणणार, बघा, मी म्हटलं नव्हतं!

पहिल्या आठवड्यात काकांनी ठरलेली पद्धत लावली. चामड्याच्या पिशवीत मक्याचं पीठ भरायचं, तोंड बांधायचं आणि बुटाने दाबायचं. झकास करकरतं. दिग्दर्शक ऐकून खूश झाला. काका मात्र खूश झाले नाहीत.

"हा डोंगरावरचा बर्फ झाला," ते म्हणाले. "सहलीचा. तिकडचा कसा वाजतो ते कुणाला विचारायचं?"

"तुमच्या मुलीलाच विचारा ना."

काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प चहा आणायला गेला.

भिंगरीचा फोन दर रविवारी सकाळी यायचा, आईला. काका त्या वेळी शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसायचे. त्या रविवारी त्यांनी पेपराआडून बायकोला ढोसलं. "विचार तिला, बर्फ पायाखाली बसतो की फुटतो?"

"तुम्हीच विचारा."

"मी का विचारू? मला काय पडलंय?"

काकूंनी एक सुस्कारा सोडला. "अगं, तिकडचा बर्फ पायाखाली बसतो की फुटतो?"

आवाज उपग्रहावरून जायचा-यायचा, त्यामुळे मध्ये दोन सेकंद नुसती शांतता असायची. "का गं?" भिंगरीने विचारलं.

"सहज."

"दाण्याचा आकार विचार," पेपर कुजबुजला.

"आणि दाण्याचा आकार काय असतो?"

दोन सेकंद. "आई, तुला बर्फाच्या दाण्याचा आकार कशाला हवाय?"

"का? मला काही कळू नये का?" काकू उसळल्या. मग भिंगरीने सांगितलं. थंडी वाढली की बर्फ कोरडाठक्क होतो, बसत नाही, किंचाळतो. थर्माकोल थर्माकोलवर घासावा तसा. काकांनी ते पेपरच्या समासात लिहून घेतलं आणि वर पुन्हा विचारलं, "काय म्हणत होती?" जणू काही ऐकलंच नाही! असल्या माणसाशी संसार करायचा म्हणजे चेष्टा नाही.

मग पिठात मीठ आलं, मिठात थर्माकोलचा चुरा आला. काका केसांपासून मिशीपर्यंत पांढरेफटक होऊन घरी यायला लागले. घरातलं मक्याचं पीठ संपलं, कोपऱ्यावरच्या दुकानातलं संपलं, आणि दुकानदार काकूंना विचारू लागला की घरी काही मोठं कार्य आहे का. चौथ्या आठवड्यात एके दुपारी काकांनी पिशवीवर पाय ठेवला आणि ती किंचाळली. काका स्वतःशीच म्हणाले, "अरे वा रे पठ्ठ्या!"

राहिला शेवटचा प्रसंग. दीड मिनिटाचा. चहूकडे पांढरं, आणि कोठारापासून राहत्या खोल्यांपर्यंत एकच लाल कोट पाठमोरा चालत जातो. हातात पेटी, डोक्यावर टोपडं, पाय घोट्यापर्यंत बर्फात. मध्येच तो थांबतो, वर आभाळाकडे बघतो आणि पुन्हा चालू लागतो. बस्स. दिग्दर्शकाचा सगळा जीव या दीड मिनिटात होता.

"हा कोण?" काकांनी विचारलं.

"काय माहीत! सगळे एकसारखे दिसतात. कोट, चष्मा, तोंडावर पट्टी. मी दोन महिने एका खांबाला गुड मॉर्निंग म्हणत होतो."

काकांनी तो प्रसंग चारदा बघितला. पाचव्यांदा ते खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकले. "ही आमची भिंगरी," ते म्हणाले. "लहानपणापासून अशीच चालता चालता थांबून वर बघते. शाळेची घंटा झाली तरी हिचं आपलं आभाळ चाललेलं!"

खात्री करायला त्यांनी दुसऱ्या दिवशी काकूंना तळघरात आणलं. काकू बराच वेळ बघत राहिल्या. "एवढी रुंद कधी झाली?"

"कोट आहे तो!"

"कोट आहे हे दिसतंय मला. कोटाच्या आतलं म्हणतेय मी."

"पोटची पोर ओळखता येत नाही तुला?" काका करवादले. काकूंनी हात टेकले आणि घरी निघून गेल्या.

पडद्यावर पावलं दिसतच नव्हती, बर्फात बुडालेली. म्हणजे चाल कशी, हे आवाजानेच सांगायचं होतं, आणि ती चाल काकांना पाठ होती. भिंगरी नऊ वर्षांची असताना कुंपणाच्या भिंतीवरून पडली आणि तिचा डावा घोटा मोडला. काका त्या वेळी स्टुडिओत कुणा नायकाची बरगडी मोडत होते, तीन गाजरं झाली तरी मनासारखी मोडेना, म्हणून निरोप मिळूनही तासभर उशिरा पोचले. घोटा जुळला, पण डावी टाच उचलताना जराशी घासायची ती कायमची. इतकं बारीक की डोळ्यांना दिसायचं नाही. काकांना मात्र जिन्यावरून कोण येतंय ते त्यावरून कळायचं. गेले नऊ महिने जिन्यावर सगळी धड पायांची माणसं येत होती आणि काकांना ती सगळी नकोशी झाली होती.

त्यांनी माळ्यावरून तिचे कॉलेजातले जुने बूट काढले. डाव्याची टाच आतल्या बाजूने झिजलेली. पाय आत जाईना, म्हणून काकांनी ते हातांत घातले, पिठाच्या पिशवीपुढे गुडघे टेकले आणि पडद्याकडे बघत हातांनी चालायला लागले. उजवा, डावा, आणि डाव्याचा तो सूक्ष्म खरडा. उजवा, डावा, खर्र. दीड मिनिटाला चार दिवस लागले. गुडघे सुजले. चौथ्या दिवशी ते जमलं तेव्हा साठीच्या घरातला तो माणूस हातांत बूट घालून पिठात बसला आणि ढसाढसा रडला. पीठ ओलं झालं म्हणून नंतर स्वतःवरच चिडला.

दिग्दर्शकाने ऐकलं आणि मान हलवली. "काका, एक पाय घासतोय. लोकांना वाटेल चूक झाली."

"वाटू दे."

"पण शेवटचा प्रसंग आहे हो! साफ करू या ना."

"तो खर्र काढलास तर माझं नाव काढ, आणि माझं पीठही काढ," काका म्हणाले. "सगळा माहितीपट त्या पोटावर चालव."

पोटाचं नाव काढताच दिग्दर्शक वरमला. कारण पोट आधीच वापरून झालं होतं. हिमनदी सरकताना जो खोल, गंभीर गडगडाट हवा होता, तो काही केल्या मिळेना, तेव्हा काकांनी ध्वनिमुद्रकाची उपाशीपोटीची गुडगुड चौपट संथ करून लावली होती, आणि ती ऐकून खुद्द दिग्दर्शकाच्या अंगावर काटा आला होता. खर्र राहिला.

माहितीपट तळावर पाठवायला अकरा दिवस लागले. तिथलं इंटरनेट म्हणजे ठिबकणारा नळ. काका रोज दिग्दर्शकाला फोन करून विचारायचे आणि घरी येऊन जाहीर करायचे, "चौतीस टक्के." "एकसष्ट." काकू म्हणाल्या, "परीक्षा तिची चालायची तेव्हा नाही एवढी टक्क्यांची चौकशी केलीत." काकांनी जेवणात लक्ष नसल्यामुळे दुसऱ्यांदा मीठ घालून घेतलं.

रविवार उजाडला. फोन वाजला. काका पेपर उघडून खुर्चीत ताठ. काकूंनी आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर मधोमध ठेवला. पलीकडे भिंगरी हसत होती. बोलायला जायची आणि पुन्हा हसायची. काकांनी पेपर आणखी वर धरला. संपलं, त्यांना वाटलं. पीठ ओळखलं.

"बाबा आहेत का तिथे?"

"आहेत. पेपर वाचतायत."

"उलटा?"

काकूंनी बघितलं. "हो गं!"

"बाबा, ऐका," भिंगरी म्हणाली. "काल जेवणाच्या खोलीत तुमचा माहितीपट बघितला आम्ही सगळ्यांनी. हिमनदीच्या आवाजाला तर आमच्या प्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, वीस वर्षांत इतकी अस्सल ऐकली नाही. मग तो शेवटचा प्रसंग आला. तो माणूस पेटी घेऊन चालायला लागला, आणि तिसऱ्या पावलाला सगळेच्या सगळे माझ्याकडे बघायला लागले. अगं, ही तू! म्हणे, तुझीच चाल! रोज बोळातून येतेस तेव्हा अशीच वाजतेस!"

काकांचा पेपर हळूहळू खाली आला.

"बाबा, ती मी नाहीये. तो आमचा आचारी आहे."

तळघर, पीठ, गुडघे, चार दिवस, सगळं काकांच्या डोळ्यांसमोरून गेलं. "आचारी?"

"मी म्हटलं होतं, रुंद आहे," काकू म्हणाल्या.

"तो बिचारा उठून उभा राहिला. अहो मी आहे तो, माझी बटाट्यांची पेटी बघा, मी बटाटे आणत होतो! कुणी ऐकूनच घेईना. म्हणाले, गप रे, ती चाललीय ना स्वच्छ."

"पण थांबून वर बघितलं ते?" काकांच्या तोंडून निघून गेलं. दहा महिन्यांत तिच्याशी बोललेलं ते त्यांचं पहिलं अख्खं वाक्य होतं.

दोन सेकंद. या वेळी जरा जास्तच.

"त्याला शिंक येत होती, बाबा."

काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. काका हसले नाहीत. त्यांनी फोन उचलून जवळ घेतला. पलीकडेही हसणं थांबलं होतं.

"कशाने काढलात?" भिंगरीने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"तुझे जुने बूट. माळ्यावरचे. आणि मक्याचं पीठ."

"मी त्या दिवशी जे बोलले ना, खोट्या आवाजांचं... मला फार लागून राहिलंय ते. इथे येऊन रोज आठवतं."

"मी फ्रीजचं बोललो ते काय कमी होतं?" काका म्हणाले. त्यांना आणखी पुष्कळ बोलायचं होतं. जिना कसा सुना वाजतो ते सांगायचं होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज काढलेल्या त्या माणसाला स्वतःचा काही धड काढता येईना. त्यांनी घसा खाकरला. "ती टाच... थंडीत दुखते का गं?"

दोन सेकंद.

"दुखते."

"डाव्या पायात दोन मोजे घालत जा."

"घालते बाबा," भिंगरी नाक ओढत म्हणाली. "आता आचाऱ्यालाही घालायला सांगते."