उजव्या गुडघ्याचा पट्टा

पाणीपुरवठा खात्यात माणूस म्हातारा झाला की त्याला कोणी म्हातारा म्हणत नाही. त्याला 'मार्गदर्शक' करतात. खात्याच्या बॅडमिंटन हॉलमध्ये गुणफलकाशेजारी हात असलेली एक खुर्ची आहे. तिच्यावर बसायचं, सामना संपला की दोन्ही बाजूंना "छान खेळलात" म्हणायचं आणि पुन्हा जन्मात रॅकेट हातात धरायची नाही, एवढंच मार्गदर्शकाचं काम. आजवरच्या तिन्ही मार्गदर्शकांना त्या खुर्चीत पहिल्याच वर्षी झोप लागू लागली होती.

नकाशा विभागाच्या प्रमुखांना ती खुर्ची नको होती. वय चौपन्न. नेमकेपणाची हौस इतकी की चहाच्या कपाचा कानही टेबलाच्या कडेला समांतर ठेवायचे. त्यामुळे लोक पाठीमागे त्यांना फूटपट्टी म्हणत आणि समोर फूटपट्टीसाहेब. शेवटी साहेब जोडलं की कुठलंही नाव अपमानाचं राहत नाही, अशी खात्याची समजूत होती. गेली चौदा वर्षं साहेब आणि पंपहाऊसवरचा ऑपरेटर ही खात्याची दुहेरीची जोडी होती. पण यंदा दोन-दोन पायऱ्या गाळून जिना चढणाऱ्या नव्या कनिष्ठ अभियंत्याने रॅकेट घेतली होती, आणि मार्गदर्शक नेमणारे कर्मचारी कल्याण अधिकारी हल्ली साहेबांशी बोलताना आधी त्यांच्या गुडघ्याकडे बघत.

बघण्यासारखा गुडघा उजवा होता. दोन महिन्यांपासून जिना उतरताना आत कुणी वाळकी काटकी मोडावी तसा तो वाजायचा. फिजिओथेरपिस्टने रोज दहा मिनिटांचा व्यायाम दिला होता: पाय सरळ ठेवून उचलायचा, दहा मोजायचे, खाली ठेवायचा. साहेबांनी त्या व्यायामाचा बाणांसकट सुबक नकाशा काढून कपाटाच्या दाराला लावला. नकाशा पूर्ण झाला की काम झालं असं वाटण्याची त्यांना तीस वर्षांची सवय होती.

"नकाशातल्या माणसाचा गुडघा बरा झाला असेल एव्हाना," त्यांची बायको म्हणाली. "तुमचं काय ते बघा."

साहेबांनी बघितलं. म्हणजे ते पट्टा घ्यायला गेले.

कुबड्या, कमरेचे पट्टे आणि मानेचे गळपट्टे यांनी भरलेल्या त्या अरुंद दुकानाच्या मालकीणबाई पूर्वी नर्स होत्या. गिऱ्हाईक दारातून काउंटरपर्यंत कसं चालतं हे बघूनच त्या अर्धं निदान करत.

"कुठला पाय?"

"उजवा. पण तसं विशेष काही नाही. खेळतो ना, खबरदारी म्हणून."

"सगळे खबरदारी म्हणूनच येतात. लंगडत."

साहेबांनी खिशातून ट्रेसिंग पेपरची घडी काढली. गुडघ्याचा घेर, मांडीचा घेर, पोटरीचा घेर, सगळं मिलिमीटरमध्ये. बाईंनी चष्मा वर सरकवून ते वाचलं.

"बसून मोजलंत की उभं राहून?"

"बसून."

"मग हे खुर्चीतलं माप झालं. उभे राहा."

खुर्ची हा शब्द साहेबांना आवडला नाही, पण ते उभे राहिले. बाईंनी गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं वर टेप धरला, मग चार बोटं खाली. माप घेतानाच त्या बोलत होत्या. "ही साधी नी-कॅप. ऊब देते, आपल्याला गुडघा आहे याची आठवण देते. तुमचं काम एवढ्यावर भागायचं नाही."

साहेबांची नजर वरच्या फळीवर होती. तिथे दोन्ही बाजूंना सळ्या आणि बिजागरी असलेला एक दणकट ब्रेस होता. त्यांना तो लहानशा पुलासारखा वाटला.

"तो?"

"तो आतलं लिगामेंट फाटल्यावर, डॉक्टरने सांगितला तर. तो घालून कोर्टावर गेलात तर लोक शटल टाकायचं सोडून तुमच्यासाठी वाट मोकळी करतील." बाईंनी मधल्या फळीवरचा एक काढला. वाटीच्या जागी भोक, आणि एका बाजूला अर्धचंद्रासारखी गादी. "हा घ्या. ही गादी बाहेरच्या अंगाला येते, वाटी बाहेर सरकू देत नाही. हा उजव्या पायाचा आहे, नीट लक्षात ठेवा. डाव्याला घातलात तर वाटी उलटीकडे ढकलेल. आत दोन बोटं जायला हवीत. जात नसतील तर घट्ट झाला, अख्खा हात गेला तर ती पिशवी. आणि व्यायाम?"

"चालू आहे," साहेब म्हणाले. कपाटाच्या दारावर तो चालूच होता.

बाईंनी माप आणि पाय वहीत लिहून घेतला. कुणी पट्टा बदलायला आलं तर पुन्हा मोजायला नको, म्हणून त्या सगळ्यांचंच लिहीत. "एक सांगते. पट्टा गुडघ्याला आधार देतो, हट्टाला नाही."

साहेबांना दुकानदारांनी बोललेली सुभाषितं आवडत नसत. पट्टा मात्र फार छान बसला.

आंतरखाते स्पर्धेची अंतिम लढत वीज खात्याशी होती. वीज खात्याच्या जोडीतला एक खेळाडू साहेबांचा साडू होता, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मीटर तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी, शांत माणूस. साहेबांचं त्याच्याबद्दलचं मत होतं, "मनाने चांगला आहे." साहेबांच्या घरात हे मत ज्याच्याबद्दल दुसरं काही बोलण्यासारखं नाही त्याच्याबद्दल देत असत.

सामन्याच्या आदल्या दिवशी ड्रॉइंग बोर्डापाशी उभे असताना साहेबांना युक्ती सुचली. कोर्टाचा नकाशा समोरच होता. प्रतिस्पर्धी काय बघणार? पट्टा. शटल कुठे टाकणार? पट्ट्याच्या बाजूला. मग पट्टा दुखऱ्या पायाला घालणं म्हणजे आपल्या घराची किल्ली चोराच्या हातात देण्यासारखं. त्यांनी ऑपरेटरला बोलावून घेतलं.

"उद्या पट्टा डाव्या पायाला."

"पण दुखतो तो उजवा ना, साहेब?"

"म्हणूनच."

ऑपरेटरने विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. "वा! ते डावीकडे मारत बसणार, आणि डावा तर ठणठणीत!" मग तो चेहरा जरा विझला. "पण मग उजव्याला आधार कसला?"

साहेबांनी त्याच्याकडे करुणेने पाहिलं. योजना करणाऱ्यांना एकंदर चित्र दिसतं, राबवणाऱ्यांना नेहमी असले तपशीलच दिसतात.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. कनिष्ठ अभियंता पहिल्या रांगेत मनगटं फिरवत बसला होता. साहेब डाव्या गुडघ्याला पट्टा बांधून, डाव्याच पायाने किंचित लंगडत कोर्टावर आले. लंगडणं त्यांनी घरी पॅसेजमध्ये बसवलं होतं. साडूने ते पाहिलं आणि नाणेफेक सोडून तो जाळीपाशी धावला.

"दादा, हे कधी झालं? ताई काही बोलल्या नाहीत!"

"किरकोळ आहे."

"किरकोळ कसलं, चालवत नाहीये तुम्हाला!" साडूचा चेहरा खरोखर उतरला होता. मग तो आपल्या जोडीदाराकडे गेला आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. गळाला मासा लागलाय हे साहेबांना लांबूनच कळलं.

पहिलं शटल उजवीकडे आलं. दुसरंही. तिसरं उजव्या हाताला, अगदी जाळीलगत पडलं, जिथे उजवा पाय लांब टाकून वाकल्याशिवाय पोचताच येत नाही. साहेब वाकले. काटकी वाजली.

"हे डावीकडे मारतच नाहीत," ऑपरेटर दबक्या आवाजात म्हणाला.

"मारतील. अंदाज घेताहेत."

चौदा गुण झाले तरी अंदाज घेणं संपेना. पहिला गेम गेला. घाम पुसता पुसता ऑपरेटर म्हणाला, "साहेब, ते अंदाज घेत नाहीयेत. ते दया करताहेत. साडूसाहेबांनी सांगितलंय जोडीदाराला, डाव्या पायाला त्रास द्यायचा नाही. मी आत्ताच ऐकलं."

साहेबांच्या नकाशात दयेला जागा ठेवलेली नव्हती. दुष्टपणाचा हिशेब करावा तेवढा थोडा म्हणून त्यांनी तो पुरेपूर केला होता, पण समोरचा माणूस मनाने चांगला आहे, हे स्वतःचंच मत त्यांनी गंभीरपणे घेतलं नव्हतं. ते तडक जाळीपाशी गेले.

"हे बघा, मला सवलत नको. डावीकडे मारा. बिनधास्त."

साडूचे डोळे भरून आले. "ऐकलंत?" तो पंचांकडे वळून मोठ्याने म्हणाला. "पाय असा, आणि म्हणतात डावीकडे मारा! खेळाडू असावा तर असा!" हॉलने टाळ्या वाजवल्या. कनिष्ठ अभियंता उठून ओरडला, "साहेब, डावा सांभाळा!"

त्यानंतर डावीकडे शटल टाकण्याची वीज खात्यात कुणाची छातीच झाली नाही. ऑपरेटरने जिवाच्या कराराने स्मॅश मारून दुसरा गेम ओढून आणला. तोवर उजवा गुडघा पावाच्या लादीसारखा फुगत चालला होता. आणि पट्ट्यातली अर्धचंद्राची गादी बाईंनी बजावल्याप्रमाणे डाव्या वाटीला उलटीकडे रेटत होती, त्यामुळे शरीरातला एकमेव निरोगी गुडघाही कुरकुरू लागला. साहेब आता खरोखर डाव्या पायाने लंगडत होते. पॅसेजमधल्या तालमीपेक्षा हे किती तरी सरस होतं.

तिसऱ्या गेममध्ये सतरा-सतरा. साडूने अगदी हळुवार, एखाद्या आजाऱ्याला औषध भरवावं तसं शटल उजवीकडे जाळीलगत सोडलं. साहेबांनी पाय टाकला. या वेळी काटकी नाही, फांदी वाजली. साहेब बसले ते बसलेच.

सगळे धावले. साडू तर जाळीखालून सरपटत आला. कुणी पट्टा सोडला, कुणी पाय उशीवर घेतला, कुणी बर्फाची पिशवी आणली, आणि सगळ्यांनी मिळून डाव्या गुडघ्याची सेवा मांडली. दोन फुटांवर उजवा गुडघा एकटाच सुजत होता.

ऑपरेटर वाकून कुजबुजला, "साहेब, पिशवी इकडे सरकवू का?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. खरं सांगावं तर खेळही गेला आणि अब्रूही. न सांगावं तर निदान डावा पाय गेला असं तरी होईल, आणि तो बरा झाला म्हणून महिन्याभरात परत कोर्टावर येता येईल. "राहू दे तिथेच," ते म्हणाले.

कल्याण अधिकाऱ्यांनी माइक हातात घेतला होता. "जायबंदी पायाने शेवटपर्यंत झुंजलेल्या आपल्या साहेबांना आता विश्रांती देणं हे आपलं कर्तव्य आहे. मला जाहीर करायला अत्यंत आनंद होतो की आजपासून ते आपले मार्गदर्शक!" टाळ्या पडल्या. चौघांनी साहेबांना उचलून सरळ हात असलेल्या खुर्चीत ठेवलं. ती अगदी मापाची निघाली. बसून घेतलेलं माप होतं.

पुढचा आठवडा अवघड गेला. ऑफिसात डाव्या पायाने लंगडावं लागे, कारण तशी नोंद होती. घरी उजवा आपण होऊन लंगडे. जिन्यात कधी कोण दिसेल याचा नेम नसल्यामुळे तिथे दोन्ही पायांनी लंगडणं भाग होतं.

"ऑफिसात डावा, घरात उजवा," बायको म्हणाली. "रविवारी कुठला घेणार आहात?"

रविवारी सकाळी साडू आला. हातात खोकं होतं.

"दादा, डावा दुखतो म्हणजे सगळा भार उजव्यावर येतो. तोही जायचा. म्हणून म्हटलं, त्यालाही एक पट्टा घ्यावा. तुमच्या दुकानात गेलो होतो." तो खोकं उघडू लागला. "गंमतच झाली. मालकीणबाईंनी वही काढली. म्हणाल्या, यांचं उजव्याचंच माप आहे, डाव्याचं मी घेतलंच नाही. मी म्हटलं, बाई, लिहिताना चुकलं असेल. त्या म्हणाल्या, तीस वर्षांत चुकलेलं नाही. मी म्हटलं, असेल बुवा."

साहेबांनी साडूच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तो त्याच्या प्रयोगशाळेतल्या मीटरसारखा होता. काच स्वच्छ, पण आतला काटा फिरतोय की थांबलाय ते बाहेरून कळेना.

"पाय पुढे करा," साडू म्हणाला.

साहेबांचा डावा पाय सवयीने जरा हलला. मग उजवा पाय पुढे केला.

साडूने गुडघ्यावर बसून पट्टा चढवला, गादी बाहेरच्या अंगाला आणली, पट्ट्यात दोन बोटं घालून पाहिली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच उजव्या गुडघ्याला कुणीतरी आपलं म्हटल्यासारखं वाटलं.

"बसला?"

"बसला."

"बाई म्हणाल्या, नुसत्या पट्ट्याने भागायचं नाही. रोजचा व्यायाम केला तर सहा महिन्यांत पुन्हा उभे राहतील. आणि मार्गदर्शकांनी खेळू नये असा नियम लिहिलेला नाही, मी तुमच्या कल्याण अधिकाऱ्यांना विचारलं. तशी नुसती पद्धत आहे."

बायकोने कपाटाच्या दारावरचा नकाशा काढून आणून साहेबांच्या मांडीवर ठेवला. "उचला पाय. मी मोजते."

साहेबांनी पाय उचलला. तीनपर्यंत तो थरथरला, पाचाला घाम फुटला, सातला त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"शाब्बास, दादा," साडू म्हणाला, त्याच मनाने चांगल्या आवाजात. "सहा महिन्यांनी खेळू. तेव्हा मात्र मी डावीकडेच मारणार. तुम्हीच म्हणाला होतात, बिनधास्त."

"आठ," बायको म्हणाली.