नवरदेव मागं राहता कामा नये

परीक्षकांचा कागद

पथक क्रमांक सात. दिलेला वेळ चार मिनिटं. घेतलेला वेळ अकरा मिनिटं.
गणवेश: स्वच्छ. दुधाचा वास येतो.
वादन: सुरेल.
संचलन: याला संचलन म्हणावं की नाही, यावर आम्हा तिघांचं एकमत झालं नाही.
शेरा: मैदानाला फेरी मारायची होती. पथक मांडवात आलं.

आता इलाहीकडं येऊ

साल चौऱ्याहत्तर. गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावात इलाही चाळीस वर्षं लग्नाच्या वरातीत क्लॅरनेट वाजवत होता. या चाळीस वर्षांत लोकांनी त्याला ‘ए बँडवाला’ म्हटलं, ‘ए पिपाणी’ म्हटलं, ‘वाजीव की, झोपलास व्हय’ म्हटलं. मग गावच्या शाळेला कुठूनसे ढोल, बासऱ्या आणि बिगूल मिळाले. शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून इलाहीला बोलावणं आलं. पहिल्या दिवशी चोवीस पोरं-पोरी एका दमात ओरडली, “नमस्ते मास्तर!”

इलाहीनं मागं वळून बघितलं, कोण मास्तर आलेत म्हणून. मागं भिंत होती.

त्या दिवसापासून तो टोपीला इस्त्री करायला लागला. बायको अमीरबी म्हणाली, “मीबी मास्तरच म्हनू का आता?”

“म्हन की. कुनी नगं म्हटलंय?”

अडचण एकच होती, हंबीरराव सर. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन शाळेत कवायत शिकवायला आलेले. त्यांच्या लेखी बँड म्हणजे मिनिटाला एकशेवीस पावलं, आणि इलाही म्हणजे इलाही. मास्तर हा शब्द त्यांच्या तोंडातून त्याच्यासाठी कधी निघाला नाही. त्यांनी शाळा समितीकडून ठरवूनच घेतलं होतं: कोल्हापूरच्या स्पर्धेत पहिल्या तिघांत नंबर आला तर इलाही राहील, नाही आला तर बँड हंबीररावांच्या ताब्यात आणि इलाही परत वरातीत.

इलाहीला सूर शिकवता येत होता, ताल शिकवता येत होता. चालायचं कसं, हे मात्र त्याला एकाच तऱ्हेनं येत होतं.

मोठा ढोल त्यानं झुंबरच्या गळ्यात घातला. झुंबर नववीत होती आणि दुधाचा भरला कॅन एका हातानं उचलायची.

“ऐक, पोरी. बँड क्लॅरनेटवाला चालवत न्हाय, ढोल चालवतोय. आन् ढोल कुनाच्या पायावर चालतोय? नवरदेवाच्या. त्यो मागनं येतोय. अधनंमधनं मागं बघायचं. त्याचं पाऊल पडलं की ठोका. नवरदेव मागं ऱ्हाता कामा नये. आन् थांबायचं कवा? माझा हात वर गेला की.”

“पर मास्तर, हितं नवरदेव कोन हाय?”

“कोन न्हाय. पर सवय आसावी.”

सरावाला हंबीरराव बूट आपटत पथकाच्या मागून चालायचे. झुंबर मागं बघायची, बूट पडला की ठोका द्यायची. बँड एकशेवीसनं पळायचा. हंबीररावांना वाटायचं, ही माझी शिस्त.

दुधाच्या गाडीतून

कोल्हापूरला जायला डेअरीचा ट्रक मिळाला. हंबीरराव पुढं ड्रायव्हरशेजारी, बाकीचे मागं कॅनांच्या मधे उभे. वाटेत तीन डेअऱ्या, तीन थांबे.

पहिला.
“आरं इलाही! वरात कुनाची?”
“वरात न्हाय. स्पर्धा हाय.”
“आसू दे. नवरी कुठली?”

दुसरा.
“ए बँडवाला! आमच्या थोरल्याच्या लग्नाला तूच बरं का! पर त्या खेपंगत झोपू नगंस!”
केबिनच्या काचेतून हंबीरराव मागं वळून हसले. गाडी सुटली, आणि पहिल्याच वळणावर एक कॅन कलंडला आणि पहिली रांग गुडघ्यापर्यंत दुधात न्हाली.

तिसरा. इथं बनाबाई नावाच्या म्हातारीनं ढोलाला हळदीकुंकू लावलं आणि विचारलं, “पोरगा काय करतोय?”
झुंबर वरून म्हणाली, “आज्जी, लगीन न्हाय. आन् हे आमचं मास्तर हायत. बँडमास्तर.”
इलाही कॅनांची झाकणं तपासायला लागला. सगळी नीट बसलेली होती.

मैदान

नियम असा की मास्तरांनी चुन्याच्या रेघेबाहेर उभं राहायचं. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा, म्हणून परीक्षकांनी त्यांच्याविनाच सुरुवात केली. सहा पथकं होऊन गेली. सातवं आत शिरलं. हंबीरराव आज मागं नव्हते. परीक्षकांच्या टेबलापाशी छाती काढून उभे होते.

पहिली पन्नास पावलं सवयीनं पडली. अशी पडली की एक परीक्षक चष्मा पुसून बघायला लागला. इलाहीच्या मनात आलं, दुसरा नंबर. निदान तिसरा.

मग पथकाच्या मागचं फाटक उघडलं.

प्रमुख पाहुणे आले. आण्णा. एके काळचे नावाजलेले पैलवान, वय ऐंशीच्या पुढं. डोक्याला गुलाबी फेटा, गळ्यात गुडघ्यापर्यंत हार, हातात नारळ, दोन्ही बाजूंना कोपर धरायला दोन माणसं. मांडव मैदानाच्या पार त्या टोकाला, त्यामुळं ते सरळ बँडच्या मागूनच निघाले.

झुंबरनं मागं बघितलं.

इलाहीला तिचा चेहरा दिसला. आयुष्यभर वाट बघावी आणि पाव्हणा दारात यावा, तसा तो चेहरा होता.

ढम्. ढम्.

ढम्.

(आण्णांनी दम घेतला.)

ढम्.

पुढची बिगुलं मंदावली, बासऱ्या मंदावल्या. हंबीरराव टेबलापासून ओरडले, “एकशेवीस! एकशेवीस, गाढवांनो!” आण्णा मध्येच गुडघा धरून थांबले. बँडही जागच्या जागी पाय हलवत, वाजवत थांबला. दोरीपलीकडं हसण्याची लाट उठली.

इलाहीला नुसता हात पुढं करायचा होता. पोरांनी ओळखलं असतं, चला म्हणून. अजून वेळ होता, नंबर होता, मास्तरकी होती. त्यानं हात पुढं करायला घेतला. समोर हार घातलेला एक म्हातारा भल्या मोठ्या मैदानात मागं राहत होता आणि वाजप त्याला सोडून पुढं निघायच्या बेतात होतं.

हाताला चाळीस वर्षांचं वळण. तळवा खाली झाला.

हळू.

त्यांनी आण्णांना मांडवापर्यंत आणलं. खुर्चीपर्यंत आणलं. आण्णा बसले, तेव्हा इलाहीचा हात वर गेला आणि बँड थांबला. अकरा मिनिटं.

सात पथकांत सातवा नंबर. आण्णा भाषणात दूध आणि दंड-बैठका यांवर बोलले. बँडबद्दल अवाक्षर नाही. त्यांना वाटलं असावं, पाहुण्याला असंच आणतात.

परतीच्या वाटेवर ट्रकमधले कॅन रिकामे होते, तेच काय ते वाजत होते.

गुरुवार

सोमवारी बँड हंबीररावांकडं गेला. गुरुवारी सकाळी इलाही दारात बसून क्लॅरनेटच्या तोंडाची पट्टी घासत होता, तर हंबीरराव घामाघूम होऊन समोर उभे.

“या की, सर. बसा.”

“बसाय आलो न्हाय. त्या पोरीला काय शिकवून ठेवलंयस तू?”

“का? काय केलं तिनं?”

“मी हुबा ऱ्हायलो की बँड हुबा. मी चाललो की बँड माझ्याम्होरं. शिट्टी फुकली, शिव्या दिल्या. आत्ता मघाशी...” त्यांनी अमीरबीकडं बघून आवाज खाली आणला. “मघाशी संडासला निघालो. दारापतोर वाजवत न्हेलं मला. अख्खी शाळा बघालती.”

अमीरबी पदर तोंडाला लावून आत पळाली. आत काहीतरी पडलं.

“थांबा म्हनायचं की.”

“म्हटलं! सरळ तोंडानं सांगत्या, मास्तरांचा हात दिसल्याबिगर थांबायचं न्हाय. मागच्या भिंतीवरनं उडी टाकून आलोय मी. आजून वाजवालीत ती. ऐक.”

इलाहीनं ऐकलं. शाळेच्या बाजूनं ढोल येत होता. ठोका स्वच्छ होता.

“तवा चल लवकर.”

“कोन पायजे तुमास्नी, सर?” इलाहीनं पट्टी उजेडात धरून बघितली. “बँडवाला पायजे आसल तर त्यो लग्नात वाजीवतोय. आज मुहूर्त न्हाय.”

हंबीररावांनी रस्त्याकडं बघितलं. छपराकडं बघितलं. पलटणीत कुणापुढं मान खाली न घातलेला माणूस, त्यानं तिथं कोंबड्यांकडं बघितलं.

“चला,” ते म्हणाले. मग वाकून बुटाची धूळ झटकली. “मास्तर.”

इलाही उठला. कोट घातला, बटणं खालून वर लावली, टोपी नीट केली आणि निघाला. दुपारपर्यंत पोचलं तरी चालेल, अशा बेतानं तो चालत होता. हंबीरराव दोनदा पुढं गेले, दोनदा थांबले. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी इलाहीच्या पायांकडं बघितलं आणि आपलं पाऊल आखूड केलं.