काडी वर कसा आला

अशी कल्पना करा, की तुम्ही लिफ्टमध्ये एकटेच उभे आहात. बटण दाबलंत, लिफ्ट निघाली आणि मध्येच वीज गेली. दिवा विझला, पंखा थांबला. आता तुम्ही ना धड तिसऱ्या मजल्यावर, ना धड चौथ्या. काय कराल?

काडी नेमका असाच अडकला होता. काडी म्हणजे पहिलीतला एक मुलगा. इतका बारीक, की फुंकर मारली तर उडेल, असं त्याची आजी म्हणायची. त्याची ताई घराच्या दारात बुटाची नाडी सोडत बसली होती, तेवढ्यात हा पठ्ठ्या एकटाच लिफ्टमध्ये शिरला आणि वर निघाला.

आता ताई तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या बंद दाराला कान लावून बसली होती.

"ताई, आहेस ना?"

"आहे रे. कुठे जाणार?"

"दोर तुटला तर?"

 ताई म्हणाली, "आईने फोन केलाय. लिफ्टमावशी येतेय."

शेजारचे शिंपीकाका आपली गादी काखेत मारून आले आणि त्यांनी ती दारासमोर अंथरली. "उतरली तर इथेच उतरेल. वीज नसताना वर कोण ओढणार तिला?" सगळ्यांना ते पटलं. आई पाण्याचा तांब्या घेऊन गादीशेजारी उभी राहिली.

लिफ्टची दुरुस्ती करणारी बाई आली. सगळी मुलं तिला लिफ्टमावशीच म्हणत. तिने खांद्यावरची पिशवीही खाली ठेवली नाही.

"आत किती जण?"

"एकटाच आहे हो, आमचा काडी," आई म्हणाली.

"मग इथे काय करताय? चला चौथ्यावर. आणि दाराला कुणी हात लावायचा नाही."

ताई जागची हलली नाही. "मी गेले तर त्याला वाटेल, मी सोडून गेले."

मावशी तिच्याशेजारी उकिडवी बसली. "तराजू पाहिलायस ना? लिफ्ट हे त्याचं एक पारडं. दुसऱ्या पारड्यात लोखंडी वजनं, ती मागच्या भिंतीलगत वरखाली करतात. दोघांमधला दोर वरच्या चाकावरून जातो."

"कशाला?"

"मोटरला सगळा भार एकटीने उचलायला नको म्हणून. निम्मी माणसं भरली की दोन्ही पारडी सारखी होतील, एवढं वजन मागे ठेवतात. आता तूच सांग, आत एकटा काडी. जड पारडं कुठलं?"

ताईने दाराकडे पाहिलं, मग छताकडे. "मागचं. म्हणजे ते खाली जाणार... आणि काडी वर?"

"बघ, आली की नाही गाडी रुळावर."

"पण मग आत्ता का नाही जात?"

"ब्रेकने धरलंय ना. वीज असते तोवर तो उघडा राहतो. वीज गेली, की स्प्रिंग त्याला आपोआप आवळते. दोरही एक नाही, बरेच आहेत. मी गच्चीवरच्या खोलीतून ब्रेक हळूहळू सैल करते."

ताईने पुन्हा दाराला तोंड लावलं. "काडी, ऐक. तू पडणार नाहीयेस. तू वर येणार आहेस. मी वरच्या दारात थांबते."

आतून आधी नाक ओढल्याचा आवाज आला. मग, "नक्की?"

"तू हलका आहेस ना, म्हणून नक्की."

"तरी मी म्हणते, चार घास जास्त खा," आई पुटपुटली.

"वहिनी, आजच्या दिवस राहू द्या," मावशी जिना चढता चढता म्हणाली.

चौथ्या मजल्यावरच्या दाराला काचेची उभी पट्टी होती, तशीच लिफ्टच्या आतल्या दारालाही. ताईने तिच्यावर टॉर्च धरला. नुसता अंधार. मग वरून काहीतरी करकरलं, आणि काचेत धुळीने भरलेलं लिफ्टचं छप्पर हळूच वर सरकलं. थांबलं. पुन्हा सरकलं. त्याखाली विस्कटलेले केस दिसले, मग दोन डोळे, मग काचेला चिकटलेलं नाक.

मावशीने खाली येऊन किल्लीने दार उघडलं. काडी बाहेर आला तो थेट आईच्या कुशीत. आईने हातातलं पाणी त्याला द्यायचं विसरून स्वतःच पिऊन टाकलं. शिंपीकाका गादी ओढत वर पोहोचले, तेव्हा सगळे हसत होते. मग तेही त्याच गादीवर बसून हसले.

वीज आली. पण काडी म्हणाला, "मी पुन्हा कधी लिफ्टमध्ये बसणार नाही."

ताईने त्याच्याशी वाद घातला नाही. घरी जाऊन तिने पडद्याच्या दांडीवरून एक दोरी टाकली. एका टोकाला त्याचा रिकामा डबा बांधला, दुसऱ्याला आपला बूट, आणि दोन्ही हातांत धरले. डब्यात तिने एक वाटाणा ठेवला.

"हा तू."

"मी एवढा गोल नाही."

ताईने वाटाणा काढून पेन्सिलीचा तुकडा ठेवला, आणि दोन्ही हात सोडले.