थंड होताना

काचपट्टीच्या कडेला अंगठ्याचा ठसा… धाकटीचाच. पट्टी धरायची धड अक्कल नाही आणि म्हणे नवी अवस्था सापडली! ताईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. प्रयोगशाळेत सगळेच तिला ताई म्हणत, ही नवी आलेली धाकटीही; आणि सकाळी सरांनी अगदी सहज सांगितलं होतं, की हिचं निरीक्षण तू एकदा पडताळून दे, तू नाही म्हणालीस तर विषय संपला. अकरा वर्षं तिने हाच पदार्थ वितळवला होता. तिच्या तक्त्यात त्याच्या दोनच अवस्था — घन, आणि एक्क्याऐंशी अंशांना थेट साधा द्रव. मधलं काही नाही. त्या तक्त्याखाली तिचं नाव छापलेलं होतं. दुसरं कुठेच नव्हतं.

तापवतानाच मोजायचं, हेही सरांनीच शिकवलेलं… थंड होताना पदार्थ रेंगाळतो, आकडा खोटा येतो. ती इमानेइतबारे तापवत राहिली. वितळलं की दिवा बंद, पट्टी धुवायला. आणि ही बया सावकाश थंड करत बसली, मिनिटाला अर्धा अंश. का, तर म्हणे, असंच, बघू म्हटलं. आंधळ्याच्या गाई देव राखतो, दुसरं काय!

आता पदार्थ वितळवून तीही तसंच सावकाश थंड करत होती. एकोणऐंशी. नुसता काळोख — रेणू वाटेल तसे पसरलेले असले की सूक्ष्मदर्शकाच्या दोन ध्रुवक काचांमधून उजेड येतच नाही. सत्त्याहत्तर. काळोखच. तिला आनंद झाला, लाज वाटावी इतका. काही दिसलं नाही, असं सरांना सांगताना आवाज कसा ठेवायचा, हेसुद्धा तिने ठरवून टाकलं.

चौऱ्याहत्तरला एक ठिपका उजळला. मग दुसरा… थेंब एकमेकांत मिसळत गेले, पिवळा, जांभळा, आणि काळ्या रेषा त्यांतून सळसळत निघाल्या. रेणू आपणहून एका दिशेला तोंड करून उभे राहत होते — अकरा वर्षांत कधीही असेच उभे राहिले असते, मी का नाही थंड करत बसले?

"ताई, दिसतंय का?" धाकटी मागे येऊन उभी होती.

तापमानाच्या बटणावर ताईचं बोट होतं. जरा वर फिरवलं की पुन्हा काळोख, आणि तक्ता शाबूत.

"थांब," ती म्हणाली, "मला बघू दे."

हे आपल्याआधी हिने पाहिलं, एवढंच तिला सलत होतं. सरांचं, तक्त्याचं आता काहीच वाटत नव्हतं.