मागच्या सीटखालचं नाव

राजवर्धनांच्या पणजोबांनी जन्मभर गूळ विकला आणि बैलगाडीपलीकडं ते कशात बसले नाहीत, हे अख्ख्या कोल्हापुराला ठाऊक होतं. पण राजवर्धनांनी गडहिंग्लजच्या नागाप्पाकडून ती जुनी मोटार उचलली आणि पणजोबा रातोरात राजेशाही झाले. पत्रकं छापली गेली, 'लंडनच्या कारागिरांनी आमच्या पणजोबांसाठी खास बांधलेली गाडी.' नागाप्पाच्या गोठ्यात वीस वर्षं तिच्यात कोंबड्या नांदत होत्या, तेवढं छापायचं राहून गेलं.

गाडी दुरुस्तीला आली कृष्णात मिस्त्रीकडं. पत्रा आणि लाकूड दोन्ही जाणणारा उद्यमनगरात तो एकच उरला होता. निदान त्याचं तरी तसं म्हणणं होतं. दीड वर्षं त्यानं तिच्यात जीव ओतला. राजवर्धन अधूनमधून येऊन अक्कल पाजळायचे, अलॉय व्हील बसव, एसटीचा हॉर्न लाव. कृष्णात "बघूया की" म्हणायचा आणि काही बघायचा नाही.

एका दुपारी त्यानं मागची सीट उचकटली. खालच्या सागवानी आडपट्टीवर पटाशीनं कोरलं होतं, 'दाजी सुतार, नेसरी'.

दाजी म्हणजे कृष्णातचा आजा. नेसरीत टांगे बांधायचा. तिथल्या जहागीरदारानं विलायतेहून नुसतं इंजिन, सांगाडा आणि चाकं मागवली, वरची गाडी मी बांधली, असं म्हातारा मरेपर्यंत सांगत होता. गावानं त्याला थापाड्या ठरवलं, घरच्यांनीही. कृष्णातला रडू फुटलं आणि त्यानं ते लपवलंही नाही.

संध्याकाळी राजवर्धन आले.

"दादा, ही गाडी माझ्या आजानं बांधलीया!"

राजवर्धनांनी ते नाव झुरळ बघावं तसं बघितलं. "मिस्त्री, पत्रकं वाटून झाल्यात. लंडनची हाय ती लंडनचीच ऱ्हाऊ दे. रंधा मार तिथं."

"आजाचं नाव हाय, दादा."

"आजा कवाच गेला की! तुझं नाव मोठं करतो. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात गाडीम्होरं पाटी लावतो, 'कृष्णात मिस्त्री, कोल्हापूर'. पेपरात फोटो. का दुसरा मिस्त्री बघू?"

कृष्णातनं त्यांना गचांडी धरून बाहेर काढलं, असं सांगायला बरं वाटलं असतं. तो दोन दिवस तोंड पाडून हिंडला, पाटीवरची अक्षरं केवढी असतील ते विचारून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी रंधा मारला. पाच-सहा हातांत पट्टी साफ झाली.

मेळाव्याला पुण्याहून मोनाबाई परीक्षक म्हणून आल्या होत्या. सत्तरीच्या, कोपरापर्यंत बाह्या सारलेल्या. बाकीचे परीक्षक गाडीपुढं फोटो काढत होते; या बाईंनी सरळ मागची सीट काढायला लावली, आत वाकून लाकडावर टिचकी मारली.

"हे सागवान. लंडनवाले ॲश नावाचं तिकडचं लाकूड घालायचे. आणि हे सांधे तर टांग्याचे! ही गाडी लंडनची नाही, इकडंच बांधलीय."

राजवर्धनांचा चेहरा पांढराफटक पडला. पण बाई हरखल्या होत्या. "लंडनच्या गाड्या ढिगानं बघितल्या. अशी एकही नाही. पहिला नंबर हिचाच. बांधली कुणी?"

राजवर्धनांना सावरायला एक श्वास पुरला. "आमच्या पणजोबांनी, मॅडम. स्वतःच्या हातानं. लई नाद होता त्यांना."

कृष्णातच्या अंगाची लाही लाही झाली. तो गर्दीतून पुढं घुसला. "खोटं हाय! माझ्या आजानं बांधली, दाजी सुतारानं! हितंच नाव कोरल्यालं हुतं!"

बाईंनी आडपट्टीवरून बोट फिरवलं. "इथं तर ताजा रंधा फिरलाय. कुणी मारला?"

कृष्णातनं राजवर्धनांकडं बघितलं. ते पाटीवरची धूळ पुसत होते.

"मी," कृष्णात म्हणाला.

"का?"

पाटीवर त्याचं नाव चांगलं वीतभर उंच होतं आणि बाईंनी ते वाचलं.

"कारागिराची खूण नसेल तर मालक सांगेल ते नाव लिहायचं, असा नियम आहे," असं म्हणून त्यांनी वही उघडली. राजवर्धनांनी पणजोबांचं नाव सावकाश सांगितलं, आणि पुढं 'श्रीमंत' लावायला ते विसरले नाहीत.